टंगस्टनची चुगली

साठ वॅटचा पिवळा बल्ब उडाला की तो आधी कानाशी धरून हलवायचा. आत तार खुळखुळली की समजायचं, गेला. ती तार टंगस्टनची. ३,४२२ अंश सेल्सिअसपर्यंत न वितळणारा हा धातू. फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश इथे उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या अजस्र संलयन भट्टीला, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जुळवून ऊर्जा काढणाऱ्या यंत्राला, आतून अस्तर कशाचं द्यायचं, याचंही उत्तर शेवटी तेच निघालं. भट्टीच्या तळाला टंगस्टन हे आधीपासूनच ठरलेलं होतं. २०२३मध्ये भिंतींसाठीचं बेरिलियम हा हलका धातूही बाद करून तिथेही टंगस्टनच लावायचं ठरलं.

घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. इटरच्या पोटात हायड्रोजनच्या भाऊबंदांचा प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू, सुमारे १५ कोटी अंशांवर चुंबकीय क्षेत्रात अधांतरी ठेवायचा आहे. तरीही सुटे कण भिंतीवर आदळतात आणि टंगस्टनचे अणू उडवून आत आणतात. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच. तो गेला की अणू गप्प. कार्बनचे सहाही इलेक्ट्रॉन या उष्णतेत टिकत नाहीत. टंगस्टनकडे मात्र ७४ असतात, आणि १५ कोटी अंशांवरही त्याच्याजवळ दहाएक शिल्लक राहतातच. ते धक्क्याने वरच्या पातळीवर चढतात, खाली येताना क्ष-किरण फेकतात, आणि ते किरण उष्णता घेऊन थेट बाहेर पडतात. रांजणाला भोक पडावं तसं. लाखभर कणांमागे टंगस्टनचे मोजके अणू चालतात. दहा हजारांमागे दोन झाले, तर भट्टीने स्वतःच्या उष्णतेवर पेटतं राहणं जवळपास अशक्य.

हा धडा अमेरिकेत प्रिन्स्टनच्या ‘पीएलटी’ यंत्राने १९७०च्या दशकातच शिकवला होता. तिथे टंगस्टन प्लाझ्माच्या मध्यभागी साचलं आणि गाभाच कडेपेक्षा थंड पडला. मग सगळे कार्बनकडे वळले. पण कार्बन ट्रिटियम, म्हणजे भट्टीचं इंधन असलेला जड हायड्रोजन, गिळून बसतो, आणि ट्रिटियम दुर्मीळ, शिवाय किरणोत्सारी. म्हणून पुन्हा टंगस्टन!

गंमत अशी, की जे किरण उष्णता पळवतात तेच चोराचा ठावठिकाणाही सांगतात. प्लाझ्माच्या कोटीभर अंशांच्या भागात टंगस्टनने तीसएक इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. तिथल्या किरणांच्या असंख्य रेषा, म्हणजे ठरावीक तरंगलांब्या, एकमेकींत मिसळून वर्णपटात ५ नॅनोमीटरजवळ नुसता उंचवटा दिसतो. तीन-चार कोटी अंशांवर ४६ इलेक्ट्रॉन गेलेले असतात. उरलेल्या २८ जणांची कवचं गच्च भरलेली, त्यामुळे ०.५ ते ०.८ नॅनोमीटरमधल्या रेषा कशा सुट्या, ठळक! आणखी आत, गाभ्याकडे, ६४ गमावून दहांवर आलेला टंगस्टन. म्हणजे कुठली रेषा दिसते यावरून ती कांद्याच्या कुठल्या पाकळीतून आली, ते ओळखता येतं.

या रेषा वेगळ्या करायला लोलक कामाचा नाही. क्ष-किरणांपुढे काचेचं काही चालत नाही. तिथे लागतो स्फटिक, बहुतेकदा क्वार्ट्‌झचा, म्हणजे आपल्या गारगोटीचाच शुद्ध अवतार. त्यातल्या अणूंच्या थरांवरून प्रत्येक तरंगलांबी आपापल्या कोनात परावर्तित होते. स्फटिकाला किंचित वाक दिला की किरण एकवटतातही. मग रेषेची जाडी मोजायची. आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, जितके तापलेले तितके सैरावैरा धावणार, आणि डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे धावत्या अणूच्या किरणाची तरंगलांबी बदलल्यामुळे, रेषा तितकी फुगणार. टंगस्टन जड, त्यामुळे १५ कोटी अंशांवरही हा फुगवटा दोन हजारांत एका भागाच्या आसपासच. अख्खी रेषा सरकली, तर प्लाझ्मा किती वेगाने फिरतोय तेही कळतं. इटरच्या या क्ष-किरण वर्णपटमापकांमध्ये भारताचा वाटा आहे, आणि ते काम गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे.

पण कुठली रेषा कुणाची, हे आधी माहीत हवं. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात ‘इबिट’ हा सापळा तयार झाला. इलेक्ट्रॉनांच्या बारीक झोताने आयन धरून ठेवायचे, आणि झोताची ऊर्जा वाढवत त्यांचे हवे तितकेच इलेक्ट्रॉन सोलायचे. मला तर हे यंत्र भल्यामोठ्या भट्ट्यांहूनही देखणं वाटतं.

जर्मनीत गार्शिंगच्या ‘आस्डेक्स अपग्रेड’ या संलयन यंत्रात २००७मध्ये सगळं अस्तर टंगस्टनचं झालं. तिथे गाभ्यात टंगस्टन साचू नये म्हणून मध्यभागी सूक्ष्मलहरी सोडून इलेक्ट्रॉन तापवतात, आणि साचू पाहणारा धातू बाहेर ढकलला जातो.