इराकमधील महासंहारक अस्त्रांचा शोध

सद्दाम हुसेनची राजवट एप्रिल २००३ मध्ये कोसळल्यावर इराकमध्ये दडवलेली रासायनिक, जैविक व आण्विक अस्त्रे हुडकण्यासाठी अमेरिकेने ब्रिटन व ऑस्ट्रेलियाच्या साथीने चालवलेली मोहीम. ही अस्त्रे आहेत असे सांगूनच युद्ध पुकारले होते. जून २००३ पासून सुमारे १,४०० जणांच्या ‘इराक सर्व्हे ग्रुप’ने काम हाती घेतले. शोधाची दिशा आधी डेव्हिड के, तर जानेवारी २००४ पासून चार्ल्स ड्यूल्फर यांनी ठरवली.

अस्त्रांचे साठे मात्र सापडलेच नाहीत. या घोळाचे मूळ १९९१ मध्ये आहे. आखाती युद्ध हरल्यावर इराकने संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना न कळवता बराचसा साठा परस्पर नष्ट केला आणि त्याच्या धड नोंदीही ठेवल्या नाहीत. हिशेब जुळत नाही म्हणजे माल शिल्लक असणार, हा तर्क मग बारा वर्षे चालला. जैविक अस्त्र कार्यक्रमातील शास्त्रज्ञ रिहाब ताहा यांच्या सांगण्यानुसार, १९९१ मध्ये अँथ्रॅक्स या जीवघेण्या जिवाणूचा काही साठा सद्दामच्या एका राजवाड्याजवळ ओतून टाकला होता. हे त्याच्या कानावर गेले तर आपली धडगत नाही, या भीतीने कोणी तोंड उघडले नाही. इराणला वचक राहावा म्हणून खुद्द सद्दामनेही संशय पुरता फिटू दिला नव्हता.

उत्तर इराकमध्ये सापडलेले दोन ट्रेलर सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने मे २००३ मध्ये फिरत्या जैविक प्रयोगशाळा म्हणून जाहीर केले. ते हवामानाच्या फुग्यांसाठी हायड्रोजन बनवणारे निघाले. अणुशास्त्रज्ञ महदी ओबैदी यांनी बगदादमधील आपल्या बागेत गुलाबाखाली १९९१ पासून पुरलेले सेंट्रिफ्यूजचे (युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्राचे) आराखडे व सुटे भाग काढून दिले. याखेरीज हाती लागले ते १९९१ पूर्वीचे मोजके जुने तोफगोळे.

नसलेल्या साठ्यांचा माग काढण्याची घाई असताना सर्वांना ठाऊक असलेले बगदादजवळचे तुवैथा अणुकेंद्र मात्र लुटले गेले, ही या प्रकरणातली अक्षम्य हेळसांड होय. आसपासच्या गावकऱ्यांनी युरेनियमची पिंपे रिकामी करून घरी नेली आणि त्यांत पाणी साठवले.

सप्टेंबर २००४ च्या ड्यूल्फर अहवालाने साठे १९९१ मध्येच संपल्याचा निर्वाळा दिला. इराकवरील संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध उठल्यावर कार्यक्रम पुन्हा उभारण्याचा सद्दामचा इरादा होता, असेही नोंदवले. अस्त्रे सीरियात हलवल्याच्या शंकेला मार्च २००५ च्या पुरवणीत पुष्टी मिळाली नाही. ढासळलेल्या सुरक्षेमुळे तो तपास अर्धवट राहिला आणि थोडेफार साहित्य चोरट्या मार्गाने बाहेर गेल्याची शक्यता पूर्णपणे नाकारता आली नाही.