स्क्वॉटमध्ये तोल नेमका जातो कुठे?

स्क्वॉट म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. जिममध्ये स्क्वॉट रॅकपाशी, म्हणजे बार ठेवायच्या स्टँडपाशी, थोडा वेळ उभं राहिलात तर दिसेल, कितीतरी जण खाली जाताना पुढे कलतात, टाचा उचलल्या जातात, मग वर येताना पार्श्वभाग आधी वर आणि बार मागून कमरेच्या जोरावर ओढून आणायचा, आणि शेजारचा सांगतो "पायात ताकद नाय रे, लेग एक्स्टेन्शन मार" (मशीनवर बसून गुडघे सरळ करायचा मांडीचा व्यायाम). बऱ्याचदा ताकदीचा संबंधच नसतो, भानगड तोलाची असते.

तुमचं शरीर आणि बार मिळून एक गुरुत्वमध्य असतो, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येईल तो बिंदू. तो तळपायाच्या साधारण मधोमध, बुटाची लेस बांधतो त्या भागाच्या खाली राहिला पाहिजे. आता हिशोब करा. 70 किलोच्या माणसाने 20 किलोचा रिकामा बार घेतला आणि बार 4 सेमी पुढे गेला, तर एकूण गुरुत्वमध्य जेमतेम 1 सेमी सरकतो, खपून जातं. त्याच माणसाच्या खांद्यावर 100 किलो असतील तर तेच 4 सेमी म्हणजे सव्वादोन सेमीच्या वर. म्हणून "60 किलोपर्यंत फॉर्म मस्त होता, 100 ला अचानक बिघडला" असं वाटतं, पण अचानक काही होत नाही, चूक आधीपासून होती, फक्त हलक्या वजनात लपत होती. मोबाईल बाजूला ठेवून साइडने व्हिडिओ काढा, बारचं टोक जवळपास सरळ रेषेत खाली-वर जातंय का तेवढंच बघा.

आता तो जुना सल्ला, गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. 2003 मध्ये एक छोटा अभ्यास आला होता, 7 जण, खांद्यावर स्वतःच्या वजनाएवढा बार, आणि एका फेरीत गुडघ्यापुढे फळी लावून गुडघे अडवलेले. गुडघ्यावरचा टॉर्क (सांधा फिरवू पाहणारा जोर) साधारण 22 टक्क्यांनी कमी झाला, पण हिपवरचा दहा पटीपेक्षा जास्त वाढला! कारण सोपं आहे, गुडघा पुढे गेला नाही तर पार्श्वभाग अजून मागे जातो आणि मग तोल राखायला छाती पुढे झुकवावीच लागते. मांडीचं हाड लांब असेल तर झुकणं अजूनच जास्त, त्यात लाजायचं काही नाही.

घोटा कडक असला तरी हेच होतं. भिंतीपासून साधारण 10 सेमीवर पायाचा अंगठा ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा, लागत नसेल तर बहुधा घोट्याची अडचण आहे. पोटऱ्या मोकळ्या करा, तोपर्यंत टाच उंच असलेले लिफ्टिंग शूज वापरा. रनिंग शूज मात्र नकोच, मऊ सोल वजनाखाली दबतो आणि पाय डगमगतो, त्यापेक्षा सपाट कॅनव्हास बरे. आणि तालमीत बैठका मारून आलेल्यांनी एक लक्षात घ्या, बैठकेत टाच उचलून चवड्यांवर जायचं असतं, ती सवय बारखाली चालत नाही. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्ही जमिनीला.

नजर एका जागी ठेवा, कारण तोल सांभाळताना मेंदू डोळे, आतला कान आणि तळपाय तिघांकडून माहिती घेतो आणि मध्येच मान वळवून आरशात बघितलं की गडबड होते. श्वास पोटात भरून, पोट सगळ्या बाजूंनी घट्ट करून खाली जा, वर येताना सोडा. यात रक्तदाब काही क्षण बराच वाढतो, तेव्हा बीपी किंवा हार्टचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

सरावाला मला सगळ्यात आवडतो पॉज स्क्वॉट. नेहमीपेक्षा बरंच हलकं वजन घ्यायचं, खाली जाऊन दोन-तीन सेकंद थांबायचं आणि तिथे पायाची बोटं हलवून बघायची. हलली तर वजन मधोमध आहे, जमिनीला रुतून बसली असतील तर पुढे गेलंय. तेव्हा वजन अजून उतरवा आणि सेफ्टी पिन (बार सुटला तर झेलणारे रॅकचे आडवे दांडे) तुमच्या खालच्या पोझिशनच्या थोडं खाली लावल्याशिवाय बार उचलू नका.