उडतोय ते ठीक, पण वजन कुठाय?

माणूस उडतो, याला थिएटरात कुणाचीच हरकत नसते. पाठीवर लाल कापड बांधलेला तो गडी ढगांत घुसतो आणि तिकीट काढून बसलेले सगळे ते निमूट मान्य करतात. पण तोच गडी खाली उतरताना धूळसुद्धा न उडवता रस्त्यावर टेकला, की मागच्या रांगेत कुरकुर सुरू होते. दांडिया बाजारात राहणारा माझा भाचा आणि त्याची टोळी या बाबतीत फार कडक. बडोद्याची मराठी पोरं ही. शाळेत गुजराती, घरात मराठी, आणि पिच्चर हिंदीत डब केलेला. निकाल मात्र एका वाक्यात लागतो, "मामा, हे खोटं लागतं." उडणं खोटं लागत नाही. उतरणं लागतं.

मला वाटतं, कॉमिकवरून काढलेला सुपरहिरोचा चित्रपट रंगतो की पडतो, याचं उत्तर या कुरकुरीतच आहे. प्रेक्षक एक नियम मोडायची सूट आनंदाने देतो. बाकीचे नियम मात्र त्याला जागच्या जागी हवे असतात. ही सवय शाळेतलं भौतिकशास्त्र शिकून येत नाही, ती त्याच्या कितीतरी आधीची आहे.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी 11 महिन्यांच्या बाळांवर केलेले प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. काही बाळांना खेळण्यातली गाडी भिंतीतून आरपार गेल्यासारखी दाखवली, काहींना ती फळीच्या कडेवरून पुढे जाऊन हवेतच राहिलेली दाखवली. मग तीच गाडी त्यांच्या हातात दिली. भिंतीचा चमत्कार पाहिलेली बाळं गाडी आपटून बघायला लागली, आणि तरंगणारी गाडी पाहिलेली बाळं ती हातातून खाली टाकून बघायला लागली. म्हणजे अशक्य गोष्ट दिसली की नुसतं बघत बसायचं नाही, जो नियम मोडला नेमका तोच तपासायचा. वर्षसुद्धा न झालेलं मूल हे करतं, तर दहा वर्षांच्या पोराने सोफ्यावरून उडी मारून पाहिली याचं नवल नको. (आमच्याकडच्या सोफ्याची एक स्प्रिंग याची साक्ष देईल.)

तपासायचं म्हणजे मापदंड हवा, आणि तो डोक्यात किती खोल बसलेला असतो याचा पुरावा थेट अंतराळातून आला. 1998 मध्ये कोलंबिया यानाच्या 'न्यूरोलॅब' मोहिमेत अंतराळवीरांना वरून खाली फेकलेला चेंडू झेलायला लावला. तिथे वजनरहित अवस्था, त्यामुळे चेंडू एकाच वेगाने येणार. पृथ्वीवरच्यासारखा वाटेत वेग घेणार नाही. हे अंतराळवीरांना पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यांचे स्नायू गरजेपेक्षा आधीच झेलायला सज्ज होत होते. बुद्धीला कळलं होतं, हाताला पटलं नव्हतं. कित्येक दिवस यानात काढल्यावरही ती सवय पुरती सुटली नाही. गुरुत्वाकर्षणाचा असा हिशेब शरीरात मुरवून जो प्रेक्षक खुर्चीत बसतो, त्याला फसवायचं म्हणजे सोपं काम नाही.

आता सुपरमॅनकडे बघू. जून 1938 च्या पहिल्या अंकात तो उडत नव्हता, उड्या मारत होता. वीस मजली इमारत ओलांडायची ताकद त्याला दिलेली होती. मजला तीन मीटरचा धरला तर उंची 60 मीटर. तेवढं वर जायचं तर पाय जमीन सोडताना वेग ताशी सुमारे 123 किलोमीटर हवा. वर पोचायला साडेतीन सेकंद, खाली यायला तितकेच. गंमत पुढे आहे. हा वेग तो गुडघे वाकवून साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात कमावतो. उडीच्या उंचीला त्या अंतराने भागा, 120 येतात. म्हणजे त्या क्षणी त्याचे पाय जमिनीला त्याच्या वजनाच्या 120 पटींहून जास्त जोराने दाबतायत. गडी 80 किलोचा असेल, तर जवळपास दहा टनांचा भार दोन तळव्यांखाली.

फरशी शाबूत राहील का? चांगला दिग्दर्शक हे गणित मांडत नसेल, पण फरशी फोडतो. डांबराला तडे जातात, शेजारच्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागतात, आणि आपल्याला उडी पटते. वाईट दिग्दर्शक हिरोवर सगळा खर्च करतो आणि जमिनीला विसरतो. माझ्या मते सुपरहिरोच्या पिच्चरमध्ये हिरोपेक्षा फरशीचं काम जास्त महत्त्वाचं असतं.

वजन दाखवायचं दुसरं साधन म्हणजे वेळ. उंची 16 पट झाली तर पडायला लागणारा वेळ 16 पट होत नाही, त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे चौपट होतो. संगणकावर चित्रं बनू लागण्याआधी इमारती, पूल, धरणं लहान प्रतिकृती करून फोडत, तेव्हा कॅमेरामन याच वर्गमुळावर चालत. प्रतिकृती एक-सोळांश असेल तर सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम घ्यायच्या आणि पडद्यावर 24 च्याच गतीने दाखवायच्या. बोटभर भिंत मग वाड्याच्या भिंतीसारखी सावकाश ढासळते.

हे आम्ही गच्चीवर करून पाहिलं. भाच्याकडे 11 सेंटीमीटरचा प्लास्टिकचा बॅटमॅन होता. खऱ्या माणसाची उंची पावणेदोन मीटर धरली तर बरोब्बर एक-सोळांश. मीटरभर उंचीच्या स्टुलावरून त्याला ढकलला आणि मोबाइलवर साधं चित्रण केलं. अर्ध्या सेकंदाच्या आत टप्पकन खाली, निव्वळ खेळणं. मग सेकंदाला 120 फ्रेमने टिपून 30 ने चालवलं. आता तोच प्रवास 1.8 सेकंदांचा झाला, आणि खरा माणूस 16 मीटरवरून, म्हणजे पाचव्या मजल्यावरून, पडायला नेमका तेवढाच वेळ घेतो. फोन जमिनीलगत ठेवला होता, मागे फक्त आकाश. पोरं गप्प झाली. खाली पसरलेल्या रांगोळीची धूळसुद्धा ढगासारखी फुटली.

मग उत्साहाच्या भरात परातीत पाणी भरून तिला सुरसागर, म्हणजे बडोद्याच्या तलावाचं, नाव दिलं आणि बॅटमॅनला त्यात पाडला. तिथे सगळं फसलं. वेळ बरोबर, पडणं बरोबर, पण उडालेले थेंब मोसंब्याएवढे दिसत होते! पाणी प्रतिकृतीच्या मापाने लहान होत नाही. थेंबाचा आकार ठरण्यात पृष्ठताणाचा, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणाऱ्या ओढीचा, मोठा हात असतो, आणि परात असो की तलाव, पृष्ठताण तोच. पाच मिलीमीटरचा थेंब सोळा पटीत आठ सेंटीमीटरचा होऊन बसतो. ज्वाळांचंही असंच. म्हणून जुन्या चित्रपटांतली लहान जहाजं समुद्रात लगेच ओळखू येतात. संगणकाने हा प्रश्न बराच सोडवला, पण नवा आणला: पूर्वी गुरुत्वाकर्षण फुकट मिळायचं, आता तेही कुणीतरी आठवणीने घालावं लागतं.

वेळेशी खेळायची ही विद्या बडोद्याला परकी नाही. दादासाहेब फाळके 1890 च्या सुमारास इथल्याच कलाभवनात शिकले. पुढे पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्याआधी, 1912 मध्ये, त्यांनी रुजणाऱ्या वाटाण्याचं रोज थोडं थोडं चित्रण करून महिनाभराची वाढ मिनिटभरात दाखवली. आपण गच्चीवर क्षण ताणला, त्यांनी महिना आवळला, यंत्र एकच. 1919 मध्ये त्यांनी बाळकृष्णाला कालियाच्या फण्यावर नाचवलं, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले ते कॅमेऱ्याच्या हातचलाखीने. अंगात अचाट शक्ती असलेलं पोर आपल्याला काही अमेरिकेने दाखवलेलं नाही.

कॉमिकमधून पडद्यावर येताना मात्र एक गोष्ट हमखास हरवते. कागदावर एका चौकटीत मूठ उगारलेली असते, पुढच्या चौकटीत खलनायक भिंतीत रुतलेला. ठोसा कुठेच काढलेला नसतो. मधल्या पांढऱ्या पट्टीत तो वाचकच मारतो, स्वतःच्या ताकदीने आणि स्वतःच्या वेळेत. 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ, म्हणजे मूळचा मुखवटेधारी फँटम, ज्यांनी वाचला त्यांना विचारा. त्याचा ठोसा प्रत्येकाच्या मनात वेगळा आहे. चित्रपटाला तो दाखवावाच लागतो, आणि दाखवलेला ठोसा मनातल्यापुढे नेहमी थोडा मिळमिळीत ठरतो.

भरपाई करतो तो आवाज. 1997 मध्ये 'नेचर'मध्ये एक साधा प्रयोग छापून आला. पडद्यावर दोन ठिपके समोरासमोरून येतात, एकमेकांवर येतात आणि पुढे निघून जातात. आवाज नसेल तर बहुतेकांना ते एकमेकांना ओलांडून गेलेले दिसतात. नेमक्या भेटीच्या क्षणी 'टक्' असा आवाज केला, की ते आदळून उलटे फिरल्यासारखे दिसण्याचं प्रमाण एकदम वाढतं. चित्र तेच, टक्कर मात्र कानाने घातली. कॉमिकमध्ये पानभर 'धाड्' लिहायचे, ते उगाच नव्हतं. पुढच्या वेळी घरी मारामारीचा प्रसंग आवाज बंद करून बघा; निम्मे ठोसे हुकलेले दिसतील.

मुखवट्याची अडचण वेगळी. माणसाचा मेंदू चेहऱ्यावर, त्यातही डोळ्यांवर, खिळलेला असतो, आणि सुपरहिरो नेमके तेच झाकतो. वेताळाला तर मुखवट्यामागे बुबुळंच नव्हती. कागदावर चित्रकार युक्ती करतो. स्पायडरमॅनच्या मुखवट्यावरचे पांढरे डोळे रागात बारीक आणि घाबरल्यावर मोठे काढतो. पडद्यावर हे बरीच वर्षं जमेना, म्हणून काहीतरी निमित्त काढून मुखवटा फाडायचे. 2008 च्या आयर्न मॅनमध्ये कॅमेरा सरळ शिरस्त्राणाच्या आत नेला आणि चेहरा दाखवला. 2016 मध्ये स्पायडरमॅनच्या डोळ्यांना उघडझाप करणारी झापडं मिळाली. इतक्याशा बदलाने कापडात माणूस आला.

मारामारीच्या मध्येच विनोद का हसवतात? धोक्याने वाढलेली छातीची धडधड लगेच ओसरत नाही, आणि ती उरलेली उत्तेजना पुढच्या भावनेच्या खात्यात जमा होते. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी हे मांडलं. फार विनोद केले की मात्र धडधडच उरत नाही. हल्लीच्या काही पिच्चरचं तेच झालंय.

आणि ती शेवटची अर्ध्या तासाची मारामारी! करड्या आकाशात दोन चकाकणारी शरीरं एकमेकांना फेकतायत. इथे माझाही हात मोबाइलकडे जातो. कारण साधं आहे: आजूबाजूला ओळखीचं काही नसलं, की डोळ्याला आकार कळत नाही, आकार कळला नाही की वेग कळत नाही, आणि वजन तर नाहीच नाही. तिथे एखादी स्कूटर, एखादी बस, एखादी वाळत घातलेली चादर असती तर चाललं असतं. शिवाय लागत कुणालाच काही नाही. सुपरमॅनच्या निर्मात्यांना ही अडचण लवकर कळली असावी. त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइट दगड 1943 मध्ये रेडिओच्या मालिकेतून आला, कॉमिकमध्ये नंतर.

नियम पाळल्याने केवढा घाव बसतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1973 सालचं. स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन पुलाच्या मनोऱ्यावरून पडते, तो जाळ्याचा धागा सोडून तिला अडवतो, आणि वर ओढून घेतो तर ती मेलेली. वाचक हादरले. पुढच्या एका अंकात संपादकांनी खुलासा केला, की अचानक थांबण्याच्या हिसक्यानेच ती गेली. सुपरमॅनच्या उडीचाच भागाकार इथे उलटा लावा. समजा ती 90 मीटर पडली आणि एका मीटरमध्ये थांबली. हिसका गुरुत्वाकर्षणाच्या 90 पट. लढाऊ विमानाचे वैमानिक खास पोशाख घालून काही सेकंद नऊ पट सोसतात.

भाच्याने यावर विचारलं, "मग धागा ताणला गेला असता तर?" प्रश्न बिनचूक होता. कोळ्याचा खरा धागा तुटण्याआधी साधारण तीस टक्के ताणला जातो. 90 मीटरचा धागा 27 मीटर ताणला असता, तर तोच हिसका सरासरी 3.3 पटींच्या आसपास आला असता. मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसतो त्याहून फार वेगळा नाही. फक्त खाली 27 मीटर मोकळे हवेत. कडे चढणारे गिर्यारोहक याच कारणासाठी ताणला जाणारा दोर वापरतात, आणि दोर लावताना खाली किती जागा उरते ते आधी बघतात.