कळलं की समजलं? 'मी' आणि 'मला'चा घोळ

"मी समजलो तू पोहे खाऊन येशील, म्हणून केले नाहीत."
"मला समजलं तू पोहे खाऊन येणार, म्हणून केले नाहीत."

इंदूरच्या मराठी घरात ही दोन्ही वाक्यं एकाच अर्थानं फेकली जातात. पण पहिल्यात बोलणाऱ्यानं स्वतःच अंदाज बांधला, आणि तो बहुधा चुकलाय. दुसऱ्यात कुणीतरी निरोप दिला होता. पाहुणा उपाशी राहिला तर पहिल्या वाक्यात दोष बोलणाऱ्याचा, दुसऱ्यात निरोप देणाऱ्याचा. पुण्याकडे पहिल्या जागी सरळ "मला वाटलं" म्हणतात. इंदुरात मात्र "मैं समझा" हे हिंदी डोक्यात आधी वाजतं आणि "मी समजलो" बाहेर पडतं. ते चूक नाही. पण "मैं समझ गया" यालाही इथे "मी समजलो"च म्हणतात, म्हणून ऐकणारा गोंधळतो.

'कळणे'मध्ये हा घोळ होऊच शकत नाही, कारण ते नेहमी 'मला' मागतं. मला बातमी कळली, मला अर्थ कळला. "मी कळलो" म्हटलं की अर्थ उलटतो. "मी तुला कळलोच नाही" यात न समजलेली गोष्ट मीच असतो. 'समजणे'ला दोन्ही चालतं: 'मला'सोबत ते 'कळणे'च्या शेजारी जाऊन बसतं, 'मी'सोबत मानणं होतं. "मी त्याला भाऊ समजत होतो", "स्वतःला कोण समजतोस?" या दोन वाक्यांत 'कळणे' घालून बघा, वाक्य मोडतं. आज्ञार्थाचंही तसंच. "समजा, गाडी चुकली" असं म्हणता येतं. 'कळा' असं कुणालाही सांगता येत नाही. कळणं आपोआप होतं, हुकमावर नाही.

'कळणे' म्हणजे वरवरची माहिती आणि 'समजणे' म्हणजे खोल अर्थ, अशी एक सोपी वाटणी शिकवली जाते. ती टिकत नाही. वर्तमानपत्रात "राजीनामा देणार असल्याचे समजते" असं छापतात तेव्हा ती निव्वळ ऐकीव बातमी असते. उलट "तिला गाण्यातलं कळतं" याच्यामागे वर्षानुवर्षांचा कान असतो. इंदूरचे गायक अमीर खाँसाहेब यांची अतिविलंबित (फार संथ लयीतली) बढत एका बैठकीत कळत नाही, ती याच अर्थानं. शिवाय जिभेचा आणि नाकाचा प्रांत पूर्ण 'कळणे'कडे आहे. सर्दी झाली की पोह्यांवर जीरावन, म्हणजे इंदुरी मसाला, भुरभुरलंय की नाही ते कळत नाही. तिथे "समजत नाही" म्हटलं तर माणूस जीरावनची कृती विचारतोय असं वाटेल.

अडलं तर क्रियापद प्रयोजक करून बघावं. कळवणे म्हणजे बातमी पोचवणे, समजावणे म्हणजे अर्थ पोचवणे. लग्नाची तारीख कळवतात, गणित समजावतात; अदलाबदल केली की लगेच खटकतं. मूळ रूपं कितीही एकमेकांत मिसळोत, इथे ती वेगळी होतात.

आता हिंदीचं येणंजाणं. "पता चला"चं "माहीत पडलं" आणि "समझ में आया"चं "समजमध्ये आलं" ही रूपं आता कानाला सरावली आहेत, पण दोन्ही जागी तीन अक्षरांचं "कळलं" पुरतं. हिंदीला इथे दोन वेगळे प्रयोग लागतात, मराठीला नाही, आणि ती सोय आपण उगाच सोडतोय. 'समझदार' म्हणजे शहाणा. मराठी 'समजूतदार' म्हणजे शहाणाच, पण दुसऱ्याचं बघून दोन पावलं मागे येणारा. सर्वांत फसवा शब्द 'आकलन'. हिंदी पेपरात "फसल के नुकसान का आकलन" म्हणजे नुकसान किती झालं याचा अंदाज. मराठीत आकलन म्हणजे समजण्याची क्रिया. हा शब्द 'कळणे'च्याच कुळातला, दोघांचं मूळ संस्कृत 'कल्'. "पिकाच्या नुकसानीचं आकलन झालं" असं लिहिलं तर नांदेडचा वाचक म्हणेल, झालं ना, मग पंचनामा कधी?

उमजणे, उमगणे यांना फारसा धोका नाही. रोजच्या हिंदीत त्यांच्या जवळपासचं काही नसल्यानं ते एक तर बरोबर येतात किंवा येतच नाहीत. "समजून उमजून केलं" म्हणजे परिणाम ठाऊक असताना केलं, एवढं पुरे.

राहिली 'समझाइश'. मध्य प्रदेशातल्या पोलिसांच्या बातम्यांत हा शब्द हटकून असतो: "समझाइश देकर छोड़ा". मराठीत त्याला "समज देऊन सोडलं" म्हणतात. इथे 'समज' म्हणजे अक्कल नव्हे, ताकीद. जुन्या पत्रांच्या शेवटी मात्र "कळावे, लोभ असावा" असतं. तिथे "समजावे" लिहून पाठवलं, तर मामा पत्र उलटून बघतील, मागे कुणा वकिलाचा शिक्का तर नाही ना.