ऑग्सबर्गचा तह आणि नांतचे फर्मान: मुभा नेमकी कोणाला?

सोळाव्या शतकातल्या युरोपचा विषय निघाला की ऑग्सबर्गचा तह (१५५५) आणि नांतचे फर्मान (१५९८, काही पुस्तकांत ‘नँट्स’) यांची नावे एका दमात घेतली जातात आणि दोन्हींपुढे ‘धार्मिक सहिष्णुता’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात. दोन्हींनी कॅथलिक-प्रोटेस्टंट लढाया थांबवल्या, हे खरे. पण ऑग्सबर्गने धर्म ठरवण्याचा हक्क संस्थानिकाला दिला. नांतने राजाहून वेगळा धर्म पाळणाऱ्या रयतेला त्याच राज्यात राहू दिले. हा फरक निसटला की पुढच्या शतकातल्या घडामोडींचा उलगडाच होत नाही.

ऑग्सबर्गचा तह झाला तो पवित्र रोमन साम्राज्यात, मुख्यतः आजच्या जर्मनीत. हे साम्राज्य म्हणजे शेकडो संस्थानांचा डोलारा: ड्यूक, राजे, बिशप, स्वतंत्र शहरे. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४७ मध्ये म्युलबर्गची लढाई जिंकली, तरी ल्यूथरपंथी, म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट, संस्थानिकांना तो कायमचा नमवू शकला नाही. शेवटी त्याने वाटाघाटी भाऊ फर्डिनांडवर सोपवल्या आणि २५ सप्टेंबर १५५५ रोजी साम्राज्यसभेत तह झाला. संस्थानिकाने कॅथलिक किंवा ल्यूथरपंथ निवडायचा, रयतेने तो मानायचा. ‘ज्याचे राज्य, त्याचा धर्म’ हे प्रसिद्ध सूत्र तहाच्या मसुद्यात नाही. ते नंतरच्या कायदेपंडितांनी बनवले. न पटणाऱ्या प्रजाजनाला एकच वाट होती: देणी चुकती करून, घरदार विकून कुटुंबासह दुसऱ्या संस्थानात जाण्याची. आज हे क्रूर वाटते, पण हा लेखी हक्क होता. तो पुढे लक्षात ठेवा.

इथे आणखी एक गल्लत होते. ‘ऑग्सबर्गचा कबुलीजबाब’ म्हणजे १५३० मध्ये ल्यूथरपंथीयांनी सादर केलेला श्रद्धेचा मसुदा. तो तह नव्हे. तहाने मात्र संरक्षण याच मसुद्याच्या अनुयायांना दिले. म्हणजे कॅल्व्हिनपंथी (जॉन कॅल्व्हिनला मानणारे प्रोटेस्टंट) बाहेर, पुनर्बाप्तिस्मावालेही (मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणारा पंथ) बाहेर. फ्रान्समधले ह्युगेनॉट कॅल्व्हिनपंथीच. नांतने ज्यांना आसरा दिला, त्यांच्या पंथाला ऑग्सबर्गच्या तहात जागाच नव्हती.

तहाचा सर्वात कच्चा सांधा होता धर्मगुरू-संस्थानिकांचा. बिशप प्रोटेस्टंट झाला, तर त्याने पद आणि प्रदेश दोन्ही सोडायचे, अशी अट होती. प्रोटेस्टंटांनी ती मान्य केली नव्हती, फर्डिनांडने ती आपल्या अधिकारात घातली. त्यांची समजूत काढायला त्याने वेगळे आश्वासन दिले की बिशपांच्या प्रदेशात आधीपासून ल्यूथरपंथी असलेल्या सरदारांना आणि शहरांना धक्का लागणार नाही. पण हे आश्वासन तहाच्या मुख्य मसुद्यात आले नाही, त्यामुळे त्याच्या वैधतेवर पुढे भांडणे झाली. एक अट एका बाजूला अमान्य, दुसरी दुसऱ्या बाजूला. १५८२ मध्ये कोलोनचा आर्चबिशप गेबहार्ट प्रोटेस्टंट झाला, पुढच्या वर्षी त्याने लग्न केले आणि गादी सोडायला नकार दिला. सम्राट निवडणाऱ्या सात इलेक्टरांपैकी तीन आधीच प्रोटेस्टंट होते. कोलोन गेले असते तर बहुमतच फिरले असते. बव्हेरियाने आणि स्पेनने सैन्य उतरवले, युद्ध १५८८ पर्यंत चालले आणि कोलोन कॅथलिकच राहिले.

आता नांत. फ्रान्समध्ये १५६२ पासून आठ गृहयुद्धे झाली. त्यातच २४ ऑगस्ट १५७२ ला पॅरिसमध्ये ह्युगेनॉटांची ‘सेंट बार्थोलोम्यूची कत्तल’ झाली. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री स्वतः ह्युगेनॉट होता. गादी टिकवण्यासाठी १५९३ मध्ये तो कॅथलिक झाला आणि एप्रिल १५९८ मध्ये त्याने जुन्या सोबत्यांसाठी हे फर्मान काढले. हा दोन सत्तांमधला तह नव्हे, राजाने प्रजेला दिलेली सनद आहे. शिवाय हा एकच कागदही नाही: ९२ सर्वसाधारण कलमे, ५६ खास कलमे आणि दोन राजपत्रे असा तो संच आहे.

श्रद्धा बाळगून कुठेही राहण्याची मुभा होती, सरकारी पदे खुली होती. सार्वजनिक उपासना मात्र नेमून दिलेल्या जागीच. १५९६ पासून ऑगस्ट १५९७ अखेरपर्यंत जिथे ती उघड चालू होती तिथे, प्रत्येक जिल्ह्यात नेमलेल्या जागी, आणि वरिष्ठ न्यायाधिकार असलेल्या सरदारांच्या वाड्यांत. पॅरिस आणि भोवतालच्या पाच लीगमध्ये, म्हणजे वीसेक किलोमीटरमध्ये, बंदी. १६०६ मध्ये पॅरिसजवळच्या शारांतोंला परवानगी मिळाली ती या नियमाला अपवाद करूनच. ह्युगेनॉटांनी कॅथलिक चर्चचा दशांश भरायचा, कॅथलिक सणांना दुकाने बंद ठेवायची. उलट, जिथे कॅथलिक उपासना बंद पडली होती तिथे ती पुन्हा सुरू करायची. याला समानता म्हणता येत नाही. मोजून दिलेली सवलत म्हणणे जास्त बरोबर.

खरे बळ राजपत्रांत होते: पाद्र्यांच्या खर्चासाठी दरसाल ४५,००० एक्यू (तेव्हाचे फ्रेंच चलन), आणि ह्युगेनॉटांच्या ताब्यातले तटबंदीची गड-शहरे आठ वर्षे त्यांच्याकडेच, शिबंदीचा खर्च राजाकडून. राजपत्राला पार्लमाँत या न्यायसंस्थेची नोंदणी लागत नाही, म्हणून नाजूक बाबी तिथे घातल्या. पण जे निव्वळ राजाच्या मर्जीवर मिळते, ते मर्जी फिरली की जाते. १६२८ मध्ये ला रोशेल हे ह्युगेनॉटांचे प्रमुख गड-शहर राजाच्या सैन्यापुढे पडले आणि १६२९ च्या आलेसच्या तहाने तटबंद्या गेल्या. उपासनेचा हक्क तेवढा उरला, तोही राखणदाराविना.

ऑग्सबर्गचा तह साम्राज्याच्या कायद्याचा भाग होता. सम्राट एकटा तो रद्द करू शकत नव्हता. तो फाटला तो अर्थ लावण्यावरून. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने १६२४ मध्ये कुठे कोणता पंथ होता ते प्रमाण धरून त्याला ठिगळ लावले आणि कॅल्व्हिनपंथीयांनाही आत घेतले. नांतचे फर्मान ‘कायमचे आणि अपरिवर्तनीय’ म्हटले गेले होते, तरी ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने फोंतेनब्लोच्या फर्मानाने ते मोडले. पाद्र्यांना पंधरा दिवसांत देश सोडायचा हुकूम झाला. सामान्य ह्युगेनॉटांना मात्र देश सोडायचीच बंदी. पकडलेल्या पुरुषांना गॅली जहाजांवर वल्ही मारायची शिक्षा. १५५५ मध्ये जर्मन रयतेला होता तो निघून जाण्याचा हक्कही त्यांना उरला नाही. तरीही सुमारे दोन लाख लोक निसटले. त्यातल्या कित्येकांना ब्रांडेनबर्गच्या इलेक्टरने त्याच वर्षी पॉट्सडॅमचे फर्मान काढून जमिनी आणि करमाफी देऊ केली. तो स्वतः कॅल्व्हिनपंथी होता, त्याची बहुतेक रयत ल्यूथरपंथी, आणि १६१३ मध्ये त्याच्या आजोबांनी पंथ बदलला तेव्हापासून त्या घराण्याने रयतेवर आपला पंथ लादला नव्हता.