जेमी बेरार्ड: ठोकळ्यांच्या नादातून परीक्षकाच्या खुर्चीपर्यंत

5 फेब्रुवारी 2020 रोजी अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवर ‘लेगो मास्टर्स’ ही लेगोच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी रचना करण्याची स्पर्धा सुरू झाली. सूत्रसंचालक विल आर्नेट सगळ्यांच्या ओळखीचा नट. जेमी बेरार्ड आणि एमी कॉर्बेट हे परीक्षक मात्र घरोघरच्या प्रेक्षकांना नवे होते. दोघेही लेगो कंपनीतले डिझायनर. लेगोवेड्या मंडळींना बेरार्ड हे नाव त्याआधीच चांगलं परिचयाचं होतं.

बेरार्ड मॅसॅच्युसेट्समधल्या मेथ्युएनचे. मोठेपणीही ठोकळ्यांचा नाद न सुटलेल्यांपैकी ते एक. 2003-04 मध्ये लेगो मोठ्या तोट्यात गेली आणि सावरताना प्रौढ चाहत्यांकडे नीट बघू लागली. बेरार्ड 2006 मध्ये डेन्मार्कमधल्या बिलुंडला, कंपनीच्या मुख्यालयी रुजू झाले ते याच काळात.

त्याच वर्षी ब्रिकफेस्ट या चाहत्यांच्या संमेलनात त्यांनी केलेलं सादरीकरण आजही वाचलं जातं. विषय एकच: कोणत्या जोडणीत ठोकळ्यावर ताण येतो. साधं उदाहरण घ्या. ठोकळ्यावरच्या दोन गोल उंचवट्यांमधलं अंतर 3.2 मिलिमीटर आणि पातळ पट्टीची जाडीही 3.2 मिलिमीटर. कागदावर माप जुळतं, म्हणून चाहते पट्टी उभी करून त्या फटीत बसवायचे. पण हलायला जागाच उरत नाही आणि प्लास्टिकवर कायमचा ताण राहतो. अशी जोडणी कंपनी संचात वापरू देत नाही. परीक्षक म्हणून त्यांची खरी तयारी इथे झाली, असं मला ठामपणे वाटतं.

2007 मध्ये त्यांचा ‘कॅफे कॉर्नर’ हा इमारतीचा संच आला. 2,056 तुकडे, उचलून बाजूला ठेवता येणारे मजले, शेजारच्या इमारतीला खिळीनं जोडायची सोय. त्यातूनच मॉड्युलर, म्हणजे एकमेकींना जोडता येणाऱ्या इमारतींची मालिका उभी राहिली आणि ती अजून चालू आहे. 2014 च्या ‘पॅरिसियन रेस्टॉरंट’मध्ये तर दर्शनी भागावरची नक्षी म्हणून चक्क पांढरे क्रॉसाँ (चंद्रकोरीच्या आकाराचे फ्रेंच पाव) बसवलेत. खाऊचा तुकडा नक्षीत चपखल बसवणं ही या माणसाची खास नजर!

टीव्हीवर कंपनीच्या घरचाच डिझायनर परीक्षक बसवण्याची पद्धत मुळात ब्रिटनची. तिथे 2017 मध्ये चॅनल फोरवर लेगोचे मॅथ्यू ॲश्टन परीक्षक होते. अमेरिकेतल्या पहिल्या पर्वात पुलांची एक फेरी होती, त्यात मोडेपर्यंत वजन चढवायचं होतं. भार कुठून कुठे जातो हे जाणणारा परीक्षक नसता, तर ती फेरी नुसती मोडतोड ठरली असती.

त्या पर्वाचं 1 लाख डॉलरचं बक्षीस टायलर आणि एमी क्लाइट्स या जोडप्यानं जिंकलं. टायलरही चाहत्यांच्या वर्तुळात आधीपासून नावाजलेला.