हॉस्पिटलचा मुक्काम २८ दिवसांच्या पुढे गेला तर: पिपचे पैसे आणि मोटॅबिलिटीची गाडी

ब्रिटनमध्ये अपंगत्वासाठी मिळणाऱ्या पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटचे, म्हणजे पिपचे, दोन भाग असतात. रोजच्या कामांना लागणाऱ्या मदतीसाठी डेली लिव्हिंग आणि घराबाहेर जाण्या-येण्यासाठी मोबिलिटी. एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, खर्चाने अ‍ॅडमिट झालेल्या माणसाचे हे दोन्ही भाग २८ दिवसांनंतर थांबतात. थांबतात ते पैसे. मंजुरी तशीच राहते. त्यामुळे घाबरून नवा अर्ज भरू नका. घरी आल्यावर जुन्याच मंजुरीवर पैसे पुन्हा चालू होतात.

गाडीचं गणित याच मोबिलिटीवर उभं आहे. मोटॅबिलिटी ही अपंगांना गाडी भाड्याने देणारी योजना. तिची गाडी लीजवर मिळते ती मोबिलिटीचा वरचा दर असेल आणि मंजुरीचे किमान १२ महिने शिल्लक असतील तर. २०२५-२६ साली हा दर आठवड्याला ७७.०५ पौंड होता. ही रक्कम डीडब्ल्यूपीकडून, म्हणजे पिप देणाऱ्या सरकारी खात्याकडून, थेट मोटॅबिलिटी ऑपरेशन्स या गाड्या देणाऱ्या कंपनीकडे वळते. विमा, सर्व्हिसिंग, टायर, ब्रेकडाऊन सगळं त्यातच येतं. म्हणजे २८ दिवसांनंतर गाडीचं भाडंच जायचं थांबतं, आणि गाडी तर कंपनीच्या मालकीची.

दिवस कसे मोजायचे

सर्वात जास्त चुका इथेच होतात. अ‍ॅडमिट झाल्याचा दिवस धरत नाहीत, डिस्चार्जचाही नाही. समजा ३ मार्चला अ‍ॅडमिट केलं. मग पहिला दिवस ४ मार्च, अठ्ठाविसावा ३१ मार्च, आणि १ एप्रिलपासून पैसे बंद.

आता समजा ३१ मार्चलाच डिस्चार्ज मिळाला. मोजलेले दिवस झाले २७, पैसे थांबले नाहीत. पण १५ एप्रिलला पुन्हा अ‍ॅडमिट करावं लागलं, तर मोजणी नव्याने सुरू होत नाही. दोन मुक्कामांत २८ दिवस किंवा त्याहून कमी अंतर असेल तर ते जोडून धरतात. १६ एप्रिल हा अठ्ठाविसावा दिवस ठरतो आणि १७ पासून पैसे बंद. वरचेवर अ‍ॅडमिट व्हावं लागणाऱ्यांनी कॅलेंडरवर दोन्ही तारखा लिहूनच ठेवाव्यात.

जाण्या-येण्याचे दिवस न धरण्याचा नियम उलट बाजूने फायद्याचा पडतो. पैसे थांबल्यावर वॉर्डने शुक्रवारी दुपारी घरी सोडलं आणि रविवारी संध्याकाळी परत यायला सांगितलं, तर शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तिन्ही दिवसांचे पैसे रोजच्या हिशेबाने मिळतात. वरच्या दराने मोबिलिटीचे दिवसाला साधारण ११ पौंड होतात. हे मागितल्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून रजेच्या तारखा वॉर्डकडून लिहून घ्या.

कोणाला कळवायचं, काय हाताशी ठेवायचं

डीडब्ल्यूपीच्या पिप हेल्पलाइनला, ०८०० १२१ ४४३३ वर, अ‍ॅडमिट झाल्यावर लवकरच फोन करा. हॉस्पिटल परस्पर कळवेल या भरवशावर राहू नका. उशीर झाला तर जास्तीचे गेलेले पैसे परत मागितले जातात. नॅशनल इन्शुरन्स नंबर, जन्मतारीख, हॉस्पिटल आणि वॉर्डचं नाव, अ‍ॅडमिट केल्याची तारीख आणि खर्च एनएचएसचा की स्वतःचा, एवढं विचारतात. डिस्चार्जनंतर पुन्हा फोन करायचा. त्या वेळी डिस्चार्ज समरी समोर असू द्या. फोनवर कोणाशी, कधी बोललात तेही टिपून ठेवा. रुग्ण स्वतःचे व्यवहार पाहू शकत नसेल तर घरच्यांपैकी कोणीतरी अपॉइंटी म्हणून, म्हणजे त्याच्या वतीने डीडब्ल्यूपीशी व्यवहार पाहणारा म्हणून, नोंद करून घ्यावी.

दुसरा फोन मोटॅबिलिटी ऑपरेशन्सला, आणि तो अठ्ठाविसावा दिवस उजाडायच्या आत. गाडीचा नंबर सांगा, घरी येण्याची अपेक्षित तारीख सांगा आणि तीन गोष्टी लेखी मागा: गाडी कोणत्या तारखेपर्यंत ठेवता येईल, परत द्यायची झाल्यास कुठे, आणि सुरुवातीला भरलेल्या अ‍ॅडव्हान्सचं काय. डॉक्टरांनी डिस्चार्जची तारीख दिली असेल तर तीही कळवा.

मधल्या काळात गाडी कोण चालवतं याला फार महत्त्व आहे. विम्यात नाव असलेल्या ड्रायव्हरने रुग्णाला भेटायला जाणं, त्याचे कपडे, औषधं, सामान आणणं चालतं. गाडी रुग्णाच्या उपयोगासाठीच आहे. मुलाने ती रोज स्वतःच्या ऑफिसला न्यायला सुरुवात केली तर तो कराराचा भंग होतो आणि लीज धोक्यात येतं.

डेली लिव्हिंग थांबलं की त्यावर आधारलेला केअरर्स अलाउन्स, म्हणजे काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ताही थांबतो. घरात कोणी तो घेत असेल तर त्याने वेगळं कळवायचं. ब्लू बॅजला, म्हणजे अपंगांच्या पार्किंग परवान्याला, मात्र धक्का लागत नाही, तो त्याच्या मुदतीपर्यंत चालतो.

कोणाला हा नियम लागत नाही

अ‍ॅडमिट झाले त्या दिवशी वय १८ पेक्षा कमी असेल तर पैसे थांबत नाहीत, मुक्काम कितीही लांबला तरी. पूर्वी १६ वर्षांखालच्या मुलांचा अपंगत्व भत्ता (डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स) ८४ दिवसांनी थांबवायचे; जुलै २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मॅथिसन खटल्यात ते चुकीचं ठरवलं आणि २०१६ मध्ये नियम बदलला. स्वतःच्या पैशाने खासगी उपचार घेणाऱ्यांचे आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात हॉस्पिसमध्ये असणाऱ्यांचेही पैसे चालू राहतात.

हॉस्पिटलमधून केअर होममध्ये हलवलं तर चित्र वेगळं. तिथला खर्च काउन्सिल करत असेल तर डेली लिव्हिंग बंदच राहतं, पण मोबिलिटी पुन्हा सुरू होते. म्हणून हलवल्याच्या दिवशीच दोन्हीकडे फोन करा.

उपचारासाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांना आणखी एक हिशेब पाहावा लागतो. परदेशी असताना पिप साधारण १३ आठवडे चालू राहतं. निघण्याआधीपासून असलेल्या दुखण्यावर उपचार घेण्यासाठीच गेला असाल तर २६ आठवड्यांपर्यंत. चार आठवड्यांपेक्षा जास्त जाणार असाल तर डीडब्ल्यूपीला निघण्यापूर्वीच कळवा, आणि तिथल्या डॉक्टरांचं पत्र व अपॉइंटमेंटच्या तारखा सोबत ठेवा.